लेबलवर साल नाही, ग्लासात वाइन गढूळ: ऑस्ट्रियाची नैसर्गिक, मल्टी-विंटेज व्हाइट वाइन चाखायची कशी?

वाइन प्यायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसाला सगळे पहिल्यांदा एकच शिकवतात: लेबलवरचं साल बघ. मग तो व्हिएन्नाला जातो, नैसर्गिक वाइन ठेवणाऱ्या एखाद्या बारमध्ये बसतो आणि त्याच्यासमोर येणाऱ्या बाटलीवर सालच नसतं. ओतल्यावर वाइन गढूळ दिसते, वास ओळखीचा वाटत नाही, आणि शेजारच्या टेबलावरचे लोक मात्र तीच वाइन चवीचवीनं पीत असतात. हा लेख त्या माणसासाठी आहे. तुम्ही नोकरीनिमित्त ऑस्ट्रियात असाल, फिरायला जाणार असाल, किंवा कुणी येताना अशी बाटली घेऊन आलं असेल, तर इथून सुरुवात करा.

एक गोष्ट आधीच सांगतो. या वाइनचा निकाल पहिल्या घोटावर लावू नका. तिच्यात दोन-तीन वर्षांची द्राक्षं एकत्र नांदत असतात (मल्टी-विंटेज म्हणतात ते यालाच) आणि तिला मोकळं व्हायला वेळ लागतो. तिचा स्वभाव कुठला आणि बिघाड कुठला, हे वेगळं ओळखता आलं की निम्मं काम झालं.

आधी, बाटलीत आहे काय?

‘नैसर्गिक वाइन’ या शब्दाला युरोपीय संघाच्या कायद्यात व्याख्या नाही. पण करणाऱ्यांमध्ये ढोबळ एकमत आहे. द्राक्षं सेंद्रिय किंवा बायोडायनॅमिक (निसर्गाच्या आणि चंद्राच्या चक्राप्रमाणे चालणारी सेंद्रिय शेती) पद्धतीनं पिकवलेली, हातानं तोडलेली. आंबवण्यासाठी पाकिटातलं यीस्ट नाही. द्राक्षाच्या सालींवर आणि तळघरात जे रानटी यीस्ट असतं त्यावरच रस आंबतो. नंतर बारीक गाळणं नाही, आणि गंधक (वाइन टिकावी म्हणून घालतात ते सल्फाइट) एकतर अजिबात नाही किंवा अगदी थोडं. थोडं म्हणजे किती, त्याचा अंदाज घ्या. कोरड्या व्हाइट वाइनमध्ये लिटरमागे एकूण २०० मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड चालतं, असं युरोपीय नियम सांगतो. फ्रान्समध्ये २०२० साली नैसर्गिक वाइनसाठी जे स्वेच्छेचं प्रमाणचिन्ह निघालं, त्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ऑस्ट्रियातले बरेच नैसर्गिक उत्पादक याच आकड्याच्या आसपास किंवा खाली राहतात. लेबलवर ‘सल्फाइट आहे’ असं दिसलं तर फसवणूक झाली असं समजू नका. आंबताना यीस्ट स्वतःही थोडं सल्फाइट तयार करतं, आणि लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं की तसं छापावंच लागतं.

आता साल का नाही, ते. युरोपात लेबलवर साल छापायचं तर किमान ८५ टक्के द्राक्षं त्या सालची असावी लागतात. दोन-तीन सालांच्या वाइन बरोबरीनं मिसळल्या की तो हक्क जातो. अशी वाइन तयार होते दोन रीतींनी. पहिली सरळ आहे: वेगवेगळ्या सालांची पिंपं तळघरात तयार असतात, उत्पादक ती चाखतो आणि बाटल्या भरायच्या आधी त्यांचं मिश्रण ठरवतो. दुसरी रीत आपल्या घरात रोज चालते. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधात जातं, तशी जुन्या पिंपातली थोडी वाइन काढून बाटलीत भरायची आणि रिकाम्या जागेत नव्या सालची वाइन ओतायची. त्या पिंपात सगळ्यात जुनं साल कधीच पूर्ण संपत नाही.

हे करतात कशाला? कारणं बरीच आहेत आणि ती समजली की चव समजायला सोपं जातं. एक कारण हवामानाचं. २०१६ च्या एप्रिल अखेरीस ऑस्ट्रियात असं कडाक्याचं हिमदव पडलं की श्टायरमार्क आणि बुर्गनलांड या प्रदेशांतल्या कित्येक बागांचे कोवळे कोंभ जळून गेले. त्या वर्षी एकेका जातीची, एकेका बागेची वेगळी वाइन करण्याइतकी द्राक्षंच नव्हती. दुसरं कारण समतोलाचं. २०१८ सारख्या तापलेल्या साली, जेव्हा कित्येक ठिकाणी ऑगस्टमध्येच तोडणी सुरू झाली, वाइन भरदार होते पण आंबटपणा कमी पडतो. २०२१ सारख्या उशिरा पिकलेल्या साली आंबटपणा धारदार असतो. नेहमीचा कारखाना अशा वेळी बाहेरून आम्ल घालून किंवा आम्ल कमी करून काम भागवतो. नैसर्गिक उत्पादकाला तो मार्ग घ्यायचा नसतो. त्याच्याकडे दुरुस्तीला एकच सामान असतं: दुसऱ्या सालची वाइन.

तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. रानटी यीस्ट कधीकधी मध्येच थांबतं. साखर शिल्लक, आंबणं बंद. अशी अडकलेली वाइन फेकायची नाही. पुढच्या शरदात ताज्या रसाचं जोमदार आंबणं सुरू झालं की त्यात ती मिसळायची. नवं यीस्ट जुनी साखर खाऊन टाकतं. म्हणजे एका सालचं अडलेलं काम दुसरं साल पूर्ण करतं, आणि बाटलीवर अर्थातच कुठलंही साल येत नाही.

एक घोळ इथेच मिटवू. व्हिएन्नाची ‘गेमिश्टर झाट्झ’ ही वेगळी चीज आहे. तिच्यात एकाच बागेत एकत्र लावलेल्या किमान तीन जातींची द्राक्षं एकत्र तोडून एकत्र आंबवतात. ती जातींची सरमिसळ, सालांची नव्हे. बारमध्ये दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात, म्हणून लक्षात ठेवा.

ऑस्ट्रियाच का?

या देशात वाइनचा कायदा फार कडक आहे आणि त्यामागे १९८५ चा घोटाळा आहे. काही व्यापाऱ्यांनी स्वस्त वाइन गोड आणि भरदार लागावी म्हणून तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलं होतं. ते उघड झालं आणि निर्यात कोसळली. त्यानंतर आलेल्या कायद्यानं प्रत्येक ‘क्वालिटेट्सवाइन’ला, म्हणजे वरच्या दर्जाच्या वाइनला, सरकारी तपासणी क्रमांक सक्तीचा केला. तो मिळवायला प्रयोगशाळेतली चाचणी आणि चाखणाऱ्यांच्या समितीची मान्यता लागते. झाकणावर लाल-पांढरी-लाल पट्टी दिसते ती याच दर्जाची खूण.

गढूळ, गंधकाशिवायची, जातीच्या ठरावीक चवीत न बसणारी वाइन या समितीपुढे अनेकदा नापास होते. म्हणून पुष्कळ नैसर्गिक उत्पादक त्या वाटेलाच जात नाहीत. त्यांच्या बाटलीवर नुसतं ‘वाइन आउस ओस्टरराइश’, म्हणजे ऑस्ट्रियाची वाइन, किंवा ‘लांडवाइन’, म्हणजे प्रदेशाची वाइन, असं असतं. कागदोपत्री हा खालचा दर्जा. प्रत्यक्षात त्यांतल्या काही वाइन देशातल्या सर्वांत जास्त मागणी असलेल्या वाइनमध्ये मोडतात. तेव्हा पट्टी नाही म्हणून बाटली खाली ठेवू नका.

दोन प्रदेश ध्यानात ठेवा. पूर्वेला हंगेरीच्या सीमेलगत बुर्गनलांड: नॉयझीडल सरोवराचं उथळ पाणी, उबदार हवा, आणि पश्चिमेकडच्या लाइथाबेर्ग डोंगरात चुनखडी आणि अभ्रकयुक्त खडक. ओग्गाऊ, गोल्स, इल्मिट्झ ही इथली गावं. ओग्गाऊमधल्या गुट ओग्गाऊ या उत्पादकाच्या लेबलांवर माणसांचे चेहरे रेखाटलेले असतात. प्रत्येक वाइन म्हणजे एका काल्पनिक कुटुंबातली व्यक्ती. दक्षिणेला स्लोव्हेनियाजवळ श्टायरमार्क: तीव्र उतार, जास्त पाऊस, आणि ‘ओपोक’ नावाची चुना मिसळलेली चिकणमाती. झेप मुस्टर, वेर्लिच, आंद्रेआस चेप्पे, श्ट्रोमायर, टाऊस या पाच घरांनी ‘श्मेके दास लेबेन’, म्हणजे ‘आयुष्य चाखा’, या नावाखाली एकत्र काम केलं. द्राक्षाच्या जाती म्हणाल तर श्टायरमार्कमध्ये सोविन्यों ब्लाँ आणि शार्दने (तिथे तिला मोरिलों म्हणतात) जास्त, बुर्गनलांडमध्ये वेल्शरीझलिंग, वाइसबुर्गुंडर, ग्र्युनर फेल्टलिनर. ग्र्युनर ही तर देशाची मुख्य जात, एकूण लागवडीच्या जवळपास एक तृतीयांश.

पायरी १: मागचं लेबल वाचा

साल नसलं तरी बाटली मुकी नसते. लॉट क्रमांक शोधा. तो असावाच लागतो आणि त्याच्यात पुष्कळदा बाटली भरल्याचं साल दडलेलं असतं. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी. ‘माइशेफेरगोरेन’ म्हणजे सालींसकट आंबवलेली. तिच्यात तुरटपणा असणार आणि रंग पिवळसर-केशरी असणार. ‘उनफिल्ट्रिएर्ट’ म्हणजे न गाळलेली. सेंद्रिय वाइनवर ‘एटी-बिओ’नं सुरू होणारा क्रमांक असतो, बायोडायनॅमिकवर बऱ्याचदा डेमेटर या प्रमाणन संस्थेची खूण.

८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनला युरोपात घटकांची यादी द्यावी लागते, बहुधा क्यूआर कोडमधून. तो कोड स्कॅन करा. नैसर्गिक वाइनच्या यादीत द्राक्षं आणि फार तर सल्फाइट, एवढंच हवं. यीस्टसारखे प्रक्रियेत वापरलेले पदार्थ मात्र त्या यादीत येत नाहीत, त्यामुळे रानटी यीस्टची खात्री तिथून होणार नाही. ती उत्पादकाला किंवा दुकानदाराला विचारूनच करावी लागते.

शाकाहारी वाचकांसाठी: नेहमीची वाइन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरला जाऊ शकतो. न गाळलेल्या, न निवळवलेल्या वाइनमध्ये हे सहसा नसतं. सहसा. पाळत असाल तर विचारून घ्या.

पायरी २: बाटली उभी ठेवा, आणि फार थंड करू नका

प्रवासातून आलेली बाटली निदान एक दिवस उभी राहू द्या. गाळ खाली बसतो. गाळ म्हणजे घाण नव्हे: मेलेलं यीस्ट, द्राक्षाचा थोडा गर, आणि कधीकधी साखरेच्या कणांसारखे दिसणारे टार्टारिक आम्लाच्या क्षारांचे स्फटिक. यातलं काहीच अपायकारक नाही.

तापमानात बहुतेकांची चूक होते. व्हाइट म्हणजे बर्फगार, ही सवय आपल्याकडे उन्हाळ्यामुळे पक्की झाली आहे. फ्रिजमध्ये ४-५ अंश असतात. त्या थंडीत वास दबतो आणि आंबट-तुरट तेवढं टोचतं. या वाइनला ११ ते १३ अंश हवेत. व्हिएन्नातल्या घरात ओतण्याआधी पाऊण तास बाटली बाहेर काढा. मुंबईच्या मे महिन्यात पंधरा मिनिटं खूप झाली.

ग्लास मध्यम पोटाचा, तोंडाकडे निमुळता. ऑस्ट्रिया काचेसाठीही नावाजलेला आहे, कूफश्टाइनचं रीडेल आणि वाल्डफिअर्टेलचं झाल्टो इथलेच. पण शिकायला त्यांची गरज नाही. घरातला ग्लास नुसता नीट धुतलेला आणि साबणाच्या वासाशिवायचा असावा. सगळे प्रयोग एकाच ग्लासात करा.

पायरी ३: दोन भागांत ओता

पहिला ग्लास बाटली न हलवता, वरच्या स्वच्छ भागातून. ग्लासाचा एक तृतीयांश भाग भरला की पुरे. अर्ध्या बाटलीनंतर झाकण लावून बाटली सावकाश आडवी-उभी करा, गाळ मिसळू द्या, आणि दुसरा ग्लास त्यातून घ्या. एकच वाइन दोन वेगळ्या अंगानं दिसते. स्वच्छ भाग धारदार आणि मोकळा, गाळ मिसळलेला भाग जाडसर, ताज्या पावाच्या वासाचा. कुठला आवडावा याचा नियम नाही. मला खालचा भाग जास्त आवडतो, विशेषतः जेवताना.

जिभेला बारीक चुणचुण जाणवली, काचेला चार बुडबुडे चिकटलेले दिसले, तर घाबरू नका. गंधक कमी असेल तर हवेपासून बचाव म्हणून आंबताना तयार झालेला थोडा कार्बन डायऑक्साइड मुद्दाम वाइनमध्ये राहू देतात. ग्लास जोरात फिरवला की तो निघून जातो.

रंग बघताना ग्लास तिरपा करून मागे पांढरा कागद धरा. मल्टी-विंटेज वाइनमध्ये जुन्या सालांमुळे रंग थोडा गडद, पिकलेल्या गवतासारखा दिसू शकतो. तपकिरीकडे झुकला असेल तर मनात नोंद ठेवा, पण अजून निकाल नाही.

पायरी ४: वास, तीनदा

पहिल्यांदा ग्लास न हलवता. दुसऱ्यांदा फिरवून. तिसऱ्यांदा दहा मिनिटांनी. तिन्ही वेळा वेगळं काही मिळतं, आणि यात घाई करणाऱ्याच्या हाती फार थोडं लागतं.

बाटली उघडताक्षणी विझलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास आला तर ते बहुधा ऑक्सिजनच्या अभावामुळे साठलेलं गंधकाचं संयुग असतं. फिरवत राहा, हवा लागू द्या. बहुतेक वेळा जातं. त्यानंतर फळ शोधा. पुस्तकी यादीत गूझबेरी, क्विन्स असं काय काय असतं. जे कधी खाल्लं नाही त्याचा वास आठवणार कसा? आपल्या नाकाला ठाऊक असलेली नावं द्या: कैरी, पेरू, लिंबाची साल, ओलं गवत, बडीशेप, मध, भाजलेले तीळ, ताक. ग्र्युनर फेल्टलिनरमध्ये मिऱ्याचा वास सांगतात तो कल्पनेचा खेळ नाही. रोटुंडोन नावाचं संयुग मिऱ्यात असतं आणि तेच त्या द्राक्षाच्या सालीत सापडतं.

पायरी ५: घोट

मोठा घोट घ्या, तोंडात सगळीकडे फिरवा, थोडी हवा आत ओढा. बघायच्या गोष्टी अशा. आंबटपणा किती: गिळल्यावर जिभेच्या कडांना किती पाणी सुटतं, यावरून ठरवा. तुरटपणा आहे का: हिरड्या कोरड्या पडतात का? असेल तर सालींसकट आंबवलेला भाग मिश्रणात आहे. अंग किती: जिभेवर पाण्यासारखी की दुधासारखी? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवट. गिळल्यावर मनातल्या मनात मोजत राहा, चव कुठे संपते ते बघा.

आता मल्टी-विंटेजचा खरा भाग. एकाच सालच्या वाइनमध्ये वास आणि चव सहसा एका वयाच्या असतात. इथे तसं नसतं. वासात ताजी कैरी असेल आणि घोटाच्या मध्यावर मध, सुका मेवा, मेणासारखं काहीतरी येईल. ताजेपणा नव्या सालचा, ते खोल गोडसर वळण जुन्याचं. किंवा उलट: वास म्हातारा, पिकल्या सफरचंदाचा, आणि जिभेवर मात्र कोवळा आंबटपणा चमकतो. असं वय जुळेनासं झालं की समजा, सालं तुम्हाला दिसू लागली. कुठलं साल किती टक्के हे कुणी जाणकारही नुसतं चाखून सांगू शकत नाही, त्याच्या मागे लागू नका. प्रश्न एवढाच विचारा: ही वयं एकमेकांशी जुळवून घेतायत का? चांगल्या मिश्रणात मधला टप्पा भरलेला असतो, चव सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग जाते. कच्च्या मिश्रणात सुरुवात छान, शेवट छान आणि मध्ये खड्डा. हा खड्डा एकदा कळला की पुढे प्रत्येक वाइनमध्ये तुम्ही तो तपासाल.

पायरी ६: थांबा, मग बिघाड तपासा

गिळल्यावर निदान पंधरा-वीस सेकंद काही खाऊ-पिऊ नका. कारण नैसर्गिक वाइनचा सगळ्यात कुप्रसिद्ध बिघाड नाकाला कळतच नाही. त्याला ‘माउस’, उंदराचा वास, म्हणतात. तो देणारी संयुगं वाइनच्या आंबट माध्यमात हवेत उडत नाहीत. तोंडातल्या लाळेनं आंबटपणा उतरला की मगच सुटतात आणि घशामागून नाकात चढतात. म्हणून वास स्वच्छ, घोट चांगला, आणि मग मागून कोंदट पिंजरा, शिळा पॉपकॉर्न, बिस्किटाचा भुगा असं काहीतरी येतं आणि जाता जात नाही. गंमत अशी की या संयुगांपैकी एक, २-असिटिल-१-पायरोलीन, हेच बासमतीला आणि आपल्या आंबेमोहोराला सुगंध देतं. भातात जे हवंहवंसं, ते वाइनमध्ये नको होतं. शंका आली तर मनगटावर दोन थेंब चोळा आणि हुंगा. कातडीवर आंबटपणा कमी झाल्यामुळे वास लवकर उघडा पडतो. काहींना हा बिघाड मुळीच जाणवत नाही, त्यामुळे टेबलावर मतभेद झाले तर दोघंही खरं बोलत असतील.

बाकीचे बिघाड सोपे. नेलपॉलिशसारखा तीव्र वास म्हणजे एथिल असिटेट: पुसटसा असेल तर वाइनला उठाव देतो, डोळ्यात जायला लागला तर बिघाड. ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आणि फळ गायब, म्हणजे बुचाचा दोष. यात वाइन करणाऱ्याची चूक नाही, बाटली परत करा, बारमध्येही निःसंकोच सांगा. कापलेल्या सफरचंदाचा तपकिरी वास म्हणजे ऑक्सिडेशन, आणि इथे मल्टी-विंटेजच्या बाबतीत सांभाळून बोलावं लागतं. जुन्या पिंपातला भाग असेल तर अक्रोड-सफरचंदाची छटा मुद्दाम ठेवलेली असते. कसोटी एकच: त्या छटेच्या पाठीमागे फळ आणि आंबटपणा जिवंत आहे का? असेल तर ती शैली. नुसती थकलेली, सपाट वाइन असेल तर तो बिघाड, आणि ‘नैसर्गिक आहे ना, चालायचंच’ या सबबीखाली तो पदरात घेऊ नये.

तसंच, नैसर्गिक वाइननं डोकं दुखत नाही या प्रचारावर विसंबू नका. यातही ११ ते १३ टक्के अल्कोहोल असतंच. दम्याचा त्रास असलेल्यांना सल्फाइट कमी असणं उपयोगी पडू शकतं. बाकीच्यांनी बरोबरीनं पाणी प्यावं.

पायरी ७: सोबत खा

आंबट, किंचित तुरट आणि जाडसर अशी ही वाइन जेवणाबरोबर खुलते. श्टायरमार्कमध्ये तिच्याबरोबर भोपळ्याच्या बियांचं गडद हिरवं तेल घातलेली कोशिंबीर, थंड मांसाची थाळी, ट्राउट मासा असं असतं. व्हिएन्नाकडे लिप्टाउअर, म्हणजे पाप्रिका घातलेला चीजचा लेप, काळ्या पावावर. घरचं खाणार असाल तर कोथिंबीर वडी, थालीपीठ-लोणी, नारळाच्या रसातली मासळी चांगली जाते. झणझणीत रस्सा टाळा: तिखटानं अल्कोहोल जाळायला लागतं आणि वाइनमधलं सगळं नाजूक काम वाया जातं. सालींसकट आंबवलेली असेल तर मात्र तिला मसाला थोडा जास्त झेपतो.

पायरी ८: दुसऱ्या दिवसासाठी ठेवा

हे मी सगळ्यांना आग्रहानं सांगतो. बाटली एका बैठकीत संपवू नका. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी, पुन्हा ११-१३ अंशांवर आणून, त्याच ग्लासात प्या. नेहमीची व्हाइट वाइन बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी कोमेजते. चांगली मल्टी-विंटेज वाइन उलट सावरते, कारण तिच्यातल्या जुन्या भागानं पिंपात हवा आधीच पाहिलेली असते आणि गाळातलं यीस्ट ऑक्सिजन शोषून घेतं. काल वेगवेगळी वाटलेली वयं आज एकत्र बोलू लागतात. माउस मात्र दुसऱ्या दिवशी वाढतो. हवा लागली की तो जोर धरतो. म्हणजे दुसरा दिवस हीच तिची परीक्षा. तिसऱ्या दिवशी उरली तर तीही चाखून बघा.

चाखायला जायचं कुठे?

व्हिएन्नाहून रेल्वेनं नॉयझीडल सरोवराचा काठ तासाभराच्या आत गाठता येतो. बहुतेक उत्पादक आगाऊ ईमेल केला तर चाखायला बोलावतात. न कळवता जाऊ नका, घर-शेत-तळघर एकच असतं. सप्टेंबर-ऑक्टोबर तोडणीचा काळ, तेव्हा कुणाला वेळ नसतो. (नाशिकला ही धांदल जानेवारी ते मार्चमध्ये असते.) बुर्गनलांडच्या आयझेनश्टाटमध्ये नैसर्गिक वाइनचं ‘काराक्टेरे’ हे प्रदर्शन भरत आलं आहे, तिथे एका दिवसात पुष्कळ घरं चाखता येतात, पण थुंकायची सवय करूनच जा. थुंकणं असभ्य मानलं जात नाही, त्यासाठी भांडी ठेवलेली असतात. गाडी चालवणार असाल तर ऑस्ट्रियात मर्यादा सर्वसाधारणपणे लिटर रक्तामागे अर्धा ग्रॅम अल्कोहोल एवढी आहे.

बारमध्ये ‘आख्टल’ मागा, म्हणजे लिटरचा आठवा भाग. शिकायला दोघांत एक आख्टल पुरतं. आणि विचारताना ‘हिच्यात कुठली सालं आहेत?’ असं थेट विचारा. चांगल्या बारमधल्या माणसाला हा प्रश्न आवडतो आणि तो बऱ्याचदा दुसरी उघडी बाटलीही आणून दाखवतो.

वाइन आवडली तर लेबलचा फोटो काढताना लॉट क्रमांक दिसेल असा काढा. नाव तेच, चित्र तेच राहतं आणि पुढच्या भरणीत मिश्रण बदललेलं असतं. जमलं तर एकाच नावाच्या दोन वेगवेगळ्या लॉटच्या बाटल्या शेजारी ठेवून उघडा, आणि कुठल्यात जुनं साल जास्त वाटतं ते लिहून ठेवल्यावरच विक्रेत्याला उत्तर विचारा.